अर्धा तोळा

व्हरलिन हाल्वरसन कार्बनची दांडी कानाशी धरून वाकवतो
आणि ऐकतो.
नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा.
तडा असला तर कुरकुरते, म्हणतो,
तुझ्या हातात फुटण्यापेक्षा इथे फुटू दे.

व्हायरोक्वा, विस्कॉन्सिन. टायरच्या गोदामामागचं दुकान.
बाहेर अमिश बग्गीचा घोडा पाय बदलत उभा.
शनिवारी हंगाम उघडतो.
मी चीजच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून थेट आलेय,
केसांना अजून निवळीचा आंबूस वास.

पाचशेची दांडी की चारशेची?
आकडा लहान तितकी दांडी ताठ,
हे उलटं गणित पहिल्या वर्षी मला कळलंच नव्हतं.
माझं धनुष्य अठ्ठेचाळीस पौंडांचं.
पण टोक जड केलं की सुटताना दांडी लवते जास्त,
म्हणून चारशे.

मग काटा.
त्याचा काटा ग्रेनमध्ये बोलतो
आणि माझ्या डोक्यात ग्रेन टिकत नाहीत.
मी साखरप्याच्या सोनाराची मुलगी.
पंधरा ग्रेनचा मासा, बारा माशांचा तोळा.
काचेच्या बाटलीत गुंजा, लाल, एकेक काळा डोळा,
पेढी विकली त्या दिवसापर्यंत होत्या,
बॅटरीवरचा काटा आला तरी.

दांडी, पिसं, खाच, पितळी बूच, टोक.
चारशे पन्नास, व्हरलिन म्हणतो.
अडीच तोळे, मी म्हणते, मराठीत.
तो मान हलवतो,
जणू उत्तर जुळलं.

गेल्या वर्षीचा बाण दोन तोळ्यांचा होता. नेमके दोन.
हलका, वेगवान, खोक्यावर झेप घेणारा चित्ता.
टोकाची पाती मिटलेली, लागल्यावर उघडणारी.
उघडायलाही जोर लागतो
आणि तो बाणाच्याच जोरातून वजा होतो,
हे खोक्यावर नव्हतं.
हरणी ओढ्याकाठी होती, मान खाली.
आवाज आला तो मी ओळखला नाही.
बाण सापडला गोल्डनरॉडच्या पिवळ्यात:
एक पातं उघडं,
दुसरं रबराच्या कड्यात तसंच झोपलेलं.
मक्याच्या पानावर थेंब. दहा पावलांवर अर्धा थेंब.
मग नुसता मका.
रात्री एकपर्यंत मी. सकाळी व्हरलिनचा बीगल.
परतताना त्याने ट्रकचा रेडिओ लावला नाही.

आप्पा बाळांचे कान टोचायचे.
सोनारानेच कान टोचावे, असं लोक म्हणतात
ते भलत्याच अर्थाने.
मी खरंखुरं पाहिलंय:
आईच्या मांडीवर पोर, पाळीवर कुंकवाचा ठिपका,
तारेचं टोक सहाणेवर घासघासून घेतलेलं,
तिघांचे श्वास थांबलेले.
पोर रडायचं. पण तार पार झाल्यावर.
तार मध्ये रेंगाळली की मग दुखणं, आप्पा म्हणायचे,
आणि ते दुखणं आपलं.

काऊंटरवर आता न मिटणारं, न उघडणारं टोक.
दोन पाती, एकसंध पोलाद.
व्हरलिन रबरबँड ताणून त्यावर टेकवतो.
तट्.
दुसरं टोक. रबर नुसतं घसरतं.
नवं म्हणजे धारदार असं नाही, पुटपुटत
तो ते ड्रॉवरमध्ये टाकतो.
मग प्रत्येक बाण नखांवर फिरवून बघतो.
एकाचं टोक भिरभिरतं, इतकं थोडं
की मला दिसतच नाही.
बाजूला.
बाराचे उरतात नऊ.
समोरून येत असेल तर? तो विचारतो, पावती फाडताना.
सोडायचा नाही.
अंधार पडायला लागला असेल तर?
मी पैसे मोजते.

घरी येऊन झोपायच्या आधी फोन.
आप्पांना मी सांगितलेलं नाही इथे मी काय तोलते.
तिकडे भाव काय आहे सध्या? त्यांचा नेहमीचा प्रश्न.
चढाच आहे, मी म्हणते,
यंदा अर्धा तोळा जास्त घेतला.
बरं केलंस, म्हणतात.
आणि जरा थांबून,
घडणावळ बघून घेतलीस ना?